लेहच्या बर्फावर एक स्टिक आणि दोन बहिणी

"जानेवारीत लेहला? थंडीत तिथे बघायचं काय?" असं आईने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "हॉकी. बर्फावरची."

विमानाने थेट साडेतीन हजार मीटर उंचीवर उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यायची असते, तेवढी घेतली. तिसऱ्या सकाळी कर्झू तलावावर गेले. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्याचं रिंक होतं. भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्याच. २०१६ मध्ये हा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये त्याने आशिया कपमध्ये कांस्यपदक आणलं.

मी शाळेत हॉकी खेळले आहे, त्यामुळे स्टिक धरता येतेच असा माझा समज होता. पण आपल्या मैदानी हॉकीत सगळ्यांच्या स्टिक एकाच हाताच्या असतात. डावा हात वर, उजवा खाली, आणि चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा. इथे ब्लेडच्या दोन्ही बाजू चालतात आणि स्टिक डावी किंवा उजवी अशी निवडावी लागते. उजव्या हाताने जेवणाऱ्याला उजवीच सोयीची पडेल, असं मुळीच नाही. कोचनी माझ्या हातात बर्फ झाडायचा लांब दांड्याचा झाडू दिला आणि झाडायला सांगितलं. माझा उजवा हात आपोआप खाली गेला. म्हणून उजवी. तुम्हीही घरी करून बघा, फरशी पुसायच्या मॉपनेही कळतं.

मग उंची. ब्लेडचं टोक जमिनीवर टेकवून स्टिक सरळ उभी धरायची. साध्या बुटांत ती नाकापर्यंत यावी, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. दांड्यावर एक आकडाही छापलेला असतो, तो फ्लेक्स. दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, ते त्यावरून कळतं. आपल्या वजनाचे पौंड करून त्याचे निम्मे करायचे, हा साधा हिशेब. ६० किलोच्या माणसाला ६५च्या आसपास. मारताना दांडा थोडा वाकतो आणि सरळ होताना पकला, म्हणजे त्या रबरी चकतीला, वेग देतो. वाकलाच नाही तर सगळा जोर दंडातून काढावा लागतो.

हे मला नीट समजलं ते एका दहा वर्षांच्या मुलीमुळे. तिच्या हातातली स्टिक स्केट्स घालूनही कपाळाला लागत होती. दांड्यावर आकडा ७०, आणि तिचं वजन फार तर तीस किलो. ती अख्खं अंग झोकून मारायची आणि पक चार हात जाऊन थांबायचा. स्टिक तिच्या मोठ्या बहिणीची होती. कार्बनच्या या स्टिक बाहेरच्या देशांतून येतात, महाग पडतात, म्हणून एकीची दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे जाते.

"कापून द्या ना," मी सहज म्हटलं. कोच हसले. कापलेला दांडा आणखी कडक होतो. शिवाय आज छोटीसाठी कापली, तर ती मोठीच्या कामाची राहत नाही. आणि मोठी अजून खेळत होती. दोघी आळीपाळीने त्याच स्टिकवर.

दोन दिवस मी त्यांच्यातच घुटमळले. कापडी टेप ब्लेडवर टाचेकडून टोकाकडे कशी गुंडाळायची ते शिकले. दांड्याच्या वरच्या टोकाला टेपची जाड गाठ हवी, नाहीतर हातमोज्यातून स्टिक निसटते. खालचा हात सैल ठेवा, हे तर मला वीसदा सांगावं लागलं. मी घाबरून दांडा आवळायचे आणि आपटायचे.

शेवटच्या दिवशी मोठीनेच करवत आणली. धाकटीच्या हनुवटीपाशी पेनाने खूण केली.

"अचे ले, तू कशाने खेळणार?" धाकटीने विचारलं. लडाखीत अचे म्हणजे ताई.

"मिळेल कुठलीतरी," ती म्हणाली आणि कापायला लागली.

नवा टेप मीच गुंडाळला, जरा वाकडाच. पक अजूनही फार लांब जात नव्हता, दांडा कडकच होता. पण मान वर करून ती पहिल्यांदाच समोर बघत खेळत होती. कोचनी पोकळ दांड्याचा कापलेला तुकडा जॅकेटच्या खिशात टाकला. "पोरगी उंच झाली की लाकडाचा गट्टू ठोकून वाढवू," म्हणाले.