गळकी गच्ची

घरमालक म्हटला की तो धनवान असणार, हा समज कोलकात्यात फार काळ टिकत नाही. उतारवयाचा आधार म्हणून वडिलांनी श्यामबाजारजवळ एक दुमजली जुने घर घेतले. त्याबरोबर वरच्या मजल्याचे भाडेकरूही आले. त्यांचे वर्षाचे भाडे गच्चीच्या एका दुरुस्तीसही पुरत नसे.

१९५६ च्या भाडेकायद्याची जागा १९९७ च्या कायद्याने घेतली व तो २००१ मध्ये अमलात आला. पाऊस मात्र कलमे पाहून पडत नाही. भाडेवाढीवरून आमचे बिनसले. मी भाडे नाकारले. त्यांनी ते रीतसर रेंट कंट्रोलरकडे भरले. कायद्याने ते थकबाकीदार ठरेनात आणि माझ्या हाती पैसा येईना.

एका आषाढी रात्री त्यांनी मला वर बोलाविले. वृद्ध पतिपत्नी परातींत पाणी झेलीत होती. "गच्ची तुमची," ते शांतपणे म्हणाले, "पण तिच्याखाली निजतो आम्ही."

मी ओशाळलो. दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलाविला. निम्मा खर्च त्यांनी आपण होऊन दिला. मी तो भाड्यात वळता करून घेतला. भाडे अजूनही तुटपुंजेच आहे. परंतु आता ते पहिल्या आठवड्यात माझ्या हाती येते, आणि पावती देताना चहाही होतो.