पंप ओरडतोय, पण दुखतंय कुठे?

इलेक्ट्रिक फ्युएल पंप आवाज करतोच, हे आधी मान्य करून टाकू. आजच्या गाड्यांमध्ये तो पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो, त्यामुळे सहसा ऐकू येत नाही. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत तो मागाहून बसवलेला असतो. म्हणजे टाकीबाहेर, पत्र्याला बोल्टने आवळून, उघड्यावर संसार. किल्ली फिरवली की घुंऽऽऽ सुरू. तेव्हा 'आवाज येतो का?' हा प्रश्नच चुकीचा. आवाज कधी बदलतो, हे विचारायचं.

हे पुराण आज लावायचं कारण म्हणजे आमच्या टीममधला एक मस्टँगवाला. मी डेट्रॉईटजवळ राहतो, डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला जावा. (आपल्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही, इथे मात्र समजावून सांगावं लागतं.) मी मेकॅनिकलवाला आहे हे कळल्यापासून हा गृहस्थ कॉफी मशीनपाशी मला गाठायचा. त्याच्याकडे 1967 ची फोर्ड मस्टँग आहे. 289 क्युबिक इंचाचं, म्हणजे 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, त्यावर चार बॅरलचा कार्बोरेटर आणि हौसेने बदललेला कॅमशाफ्ट. ताकद साधारण 300 हॉर्सपॉवर. मूळ पंप इंजिनावर चालणारा मेकॅनिकल होता, तो काढून मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक लावलेला.

गाडी त्याच्या वडिलांनी घेतलेली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची एकच इच्छा होती, वुडवर्ड ड्रीम क्रूझला याच गाडीत बसून जायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1995 पासून ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात. आपल्याकडची विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा, वेग तेवढाच. वर ऊन, खाली तापलेलं डांबर, पुढे-मागे गाड्या. तिथे बंद पडलं की बाजूला घ्यायलाही जागा नाही.

तक्रार अशी होती. सुरुवातीला पंपाचा आवाज नेहमीचा. मग केव्हातरी तो चिरका व्हायचा आणि पुढे मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा खरखरायचा. त्याच वेळी हायवेवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आचके द्यायचं. 'केव्हातरी' म्हणजे कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने. गॅरेजने दोनदा पंप बदलून दिला होता आणि तिसरा सुचवला होता. मस्टँगवाल्याच्या डोक्यात आणखी सोपा उपाय होता. पंपाभोवती आवाज शोषणारा जाड शीट गुंडाळायचा. आवाज गेला की झालं.

म्हटलं, बाबा रे, हे म्हणजे प्रॉडक्शनमधला अलर्ट म्यूट करून घरी जाण्यासारखं आहे. पेट्रोल कमी पोचलं की मिश्रणात हवा जास्त होते. फुल थ्रॉटलवर असं पातळ मिश्रण जळत राहिलं तर पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. आवाज दाबला तर इशारा तेवढा जाईल, दुखणं तिथेच राहील आणि गाडीत वडील बसलेले असतील.

आता थोडी थिअरी. हे रोटरी पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चे. म्हणून पंप टाकीच्या जवळ आणि शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवतात, म्हणजे पेट्रोल आपणहून त्यात उतरतं. नारळपाणी पिताना स्ट्रॉ चेपली तर काय होतं? तुम्ही जोर लावता, गाल आत जातात, पाणी येत नाही. पंपाच्या तोंडाशी असंच झालं की तिथला दाब उतरतो. पेट्रोल आधीच उडून जाणारं, दाब कमी झाला की ते जागेवरच उकळायला लागतं. हे बुडबुडे पंपात शिरतात आणि पुढे दाब वाढला की फटाफट फुटतात. खड्यांचा आवाज तो हाच. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

म्हणजे पंप उपाशी असू शकतो. पण 'असू शकतो' म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. शनिवारी सकाळी अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून कामाला लागलो. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हा नियम.

पहिलं, व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी 14 आणि पंपाच्या टोकांवर 13.6. वायरिंग आणि अर्थिंग निर्दोष.

दुसरं, पंपाचे बोल्ट सोडून तो कापडात धरला. आवाज निम्म्यावर आला. म्हणजे निम्मा आवाज पंपाचा, निम्मा डिकीच्या पत्र्याचा. पत्रा ढोलकीच्या पानासारखा घुमत होता. पण हे झालं रोजच्या घुं-घुंचं कारण, खड्यांचं नाही.

तिसरं, प्रवाह. 300 हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलवर तासाला साधारण 95 लिटर लागतं, म्हणजे अर्ध्या मिनिटाला 0.8 लिटर. आम्ही मोजून घेतलं, अर्ध्या मिनिटात एक लिटरहून जास्त आलं. पंप ठणठणीत!

चौथं, प्रेशर. अशा कार्बोरेटरला 5 ते 7 पीएसआय लागतं. त्याहून जास्त झालं तर फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्बोरेटर ओसंडतो. गेज काचेबाहेर वायपरपाशी बांधला (पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही) आणि निघालो. 6.5 पीएसआय, स्थिर. खरखर सुरू झाली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा 3 वर आला.

म्हणजे थंड असताना सगळं बरोबर आणि काही वेळाने उपासमार. 'काही वेळ' म्हणजे नक्की किती, हे कळायला लॉग हवा. मस्टँगवाल्याला एक आठवडा वहीत लिहायला लावलं. किती मिनिटांनी आवाज आला, हवा किती गरम होती, टाकी किती भरलेली होती. शुक्रवारी वही आली. उन्हाशी फारसा संबंध दिसेना, पण टाकीशी होता. फुल टाकी असेल तर दहा मिनिटांत आवाज, अर्धी असेल तर अर्ध्या तासाने.

हे उलटंच वाटतं, नाही? पेट्रोल जास्त तर उपास लवकर कसा? आणि मला एकदम घरचा गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा आठवला. त्याला आई नेहमी समोरासमोर दोन भोकं पाडायची. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. एकच भोक पाडलं तर तेल गुटुक गुटुक करत अडतं.

टाकीचंही तेच. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ती टाकीच्या झाकणातूनच यायची. पुढे 1970 च्या सुमारास पेट्रोलची वाफ हवेत सोडण्यावर नियम आले, तशी घट्ट बंद झाकणं आली. आता गणित बघा. टाकीत 5 लिटर हवा असताना 1 लिटर पेट्रोल संपलं तर 5 लिटर हवेला 6 लिटर जागा, दाब एक षष्ठांशाने कमी. तीच हवा 30 लिटर असेल तर फरक जेमतेम तीन टक्के. पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, पण दिशा तीच. अकरावीतला बॉइलचा नियम, दुसरं काही नाही.

लगेच फुल टाकी करून निघालो. दहाव्या मिनिटाला खरखर. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, झाकण उघडलं. फुस्सऽऽ! हवा बाहेर नाही, आत गेली. झाकण लावून पुन्हा निघालो तर आवाज गायब. आणखी काही मिनिटांनी हजर. पुन्हा उघडलं, पुन्हा गायब. रिप्रोड्युसिबल बग! आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा आनंद नाही.

दोन पंप का फुकट गेले तेही कळलं. गॅरेजवाले नवा पंप बसवून पाच मिनिटांची चक्कर मारून यायचे. पाच मिनिटांत हे दुखणं दिसणारच नाही. गाडी घेतली त्यानंतर कधीतरी दिसायला हुबेहूब पण हवेला वाट नसलेलं झाकण बसवलं गेलं होतं, एवढंच.

हवा आत घेणारं झाकण लावलं. पंप रबरी माउंटवर घेतला. रबरामुळे बॉडीचा अर्थ तुटतो, म्हणून वेगळी अर्थची वायर ओढली. पंपाच्या आधी जाडसर जाळीचा फिल्टर ठेवला आणि बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, कारण बारीक जाळी ओढायच्या बाजूला लावली तर तीही स्ट्रॉ चेपते. धडक बसली की पंपाची वीज तोडणारा स्विचही बसवला. इलेक्ट्रिक पंपाला इंजिन बंद पडल्याचं कळत नाही, तो फुटलेल्या नळीतूनही इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहतो. पंप तोच ठेवला.

ऑगस्टमध्ये वडील वुडवर्डवर तीन तास त्या गाडीत बसले. त्यातला निम्मा वेळ त्यांनी शेजारच्या गाडीवाल्यांना कॅमशाफ्टबद्दल लेक्चर देण्यात घालवला. काटा 6.5 वर.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पंपाची ऑर्डर देण्याआधी वही काढा. आवाज आला की गाडी थांबवून टाकीचं झाकण उघडून बघा. पैसे लागत नाहीत.

मस्टँगवाल्याची आता नवी तक्रार आहे, सकाळी चोक नीट लागत नाही. ते पुढच्या वीकेंडला.