आवाज देऊन बोलावलेला पक्षी

फजरची नमाज झाली की माझी पावलं घराकडे न वळता तलावाच्या पाळीकडे वळतात. खांद्याला कॅमेरा असतो. सुरुवातीला मोहल्ल्यातले लोक हसायचे. अब्बा म्हणायचे, "चिड़िया के फोटू से घर चलता क्या?" त्यांचं आयुष्य पितळेच्या भांड्यांना चकाकी देण्यात गेलं. भंडाऱ्याचं नाव ज्या पितळेमुळे झालं, तेच हे काम. मुलगा बी.एड. होऊन उर्दू शाळेत मास्तर झाला, याचा त्यांना अभिमान होता. हा नाद मात्र त्यांना कधी उमगला नाही.

नाद लागला तो वर्गातच. इक्बालांची 'हमदर्दी' शिकवत होतो. रात्र झाली, आता घरी कसं पोहोचावं म्हणून उदास बसलेला बुलबुल आणि त्याला उजेड दाखवायला पुढे आलेला जुगनू. खिडकीबाहेरच्या झाडावर आपला नेहमीचा लालबुड्या बुलबुल बसला होता. एक पोरगा म्हणाला, "सर, ये तो ढंग से गाताच नहीं. शायर लोग इसकी इतनी तारीफ कायको करते?"

वर्ग हसला. मला उत्तर देता आलं नाही. नंतर पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की पोराचं खरं होतं. ती कविता इक्बालांनी विल्यम कूपर या इंग्रज कवीवरून घेतली आणि कूपरचा पक्षी आहे नाइटिंगेल. फारसी-उर्दू गजलेतला, इराणच्या बागांत गाणारा बुलबुलही तोच. आपल्या अंगणातला बुलबुल फक्त नावापुरता त्याचा. त्या गवय्याचा खरा नातेवाईक आपल्याकडे आहे दयाळ. शास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुळात धरतात. काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा हा पक्षी. उन्हाळ्याची चाहूल लागली की झाडाच्या शेंड्यावर, विजेच्या तारेवर बसून पहाटेपासून गातो. कोक्याच्या जंगलात जायला सुट्टी लागते, गाडीखर्च लागतो. दयाळ तर शाळेच्या कुंपणापाशीच होता. मुलांना गाणाऱ्या दयाळचा फोटो दाखवायचा, असं ठरवलं.

पण हे काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. दयाळची पाठ काळी कुळकुळीत आणि पोट पांढरं शुभ्र. काळ्यातली पिसं दिसावीत म्हणून उजेड वाढवला की पांढरा भाग चुन्यासारखा सपाट होतो. म्हणून मोजमाप पांढऱ्यावरून घ्यायचं, काळा थोडा दबला तरी चालेल. ऊन चढल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवायचा. सूर्य आपल्या पाठीशी हवा. नेम पक्ष्याच्या डोळ्यावर हवा. डोळा धूसर असला तर बाकी सगळं स्वच्छ येऊनही फोटो मेलेला वाटतो. गाताना गळा थरथरतो, म्हणून शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर तरी ठेवायचं. हे सगळं महिन्याभरात हाताला बसलं.

बसलं नाही ते बसणं. दयाळच्या गाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या हेरायच्या, अलीकडेच आडोशाला बसायचं आणि तो येईल तेव्हा येईल. मी मात्र मागे मागे पळत असे. एक पाऊल पुढे टाकलं की तो दोन झाडं पलीकडे. तीन आठवड्यांत माझ्याकडे फक्त उडत्या शेपट्या जमल्या.

मग कोणीतरी युक्ती सांगितली. मोबाइलवर दयाळचं गाणं लाव, आपोआप समोर येईल. एका सकाळी झुडपात मोबाइल ठेवून तेच केलं. भिंतीच्या एका भोकात त्याचं घरटं होतं, आत पिल्लं होती. नर चोचीत किडा घेऊन तिकडेच निघाला होता. मोबाइल गायला लागताच किडा खाली पडला आणि तो थेट माझ्यापुढच्या फांदीवर आला. छाती फुगलेली, शेपटी पसरलेली, चोच वर उघडलेली. मी शटर दाबत राहिलो. मोबाइल बंद केल्यावरही तो झुडपाभोवती घिरट्या घालत होता. जवळजवळ तासभर घरट्याकडे फिरकला नाही. मादी एकटीच किडे आणत होती. मी ते पाहिलं आणि खुशाल घरी गेलो.

फोटो देखणा होता. मोठा छापून शाळेच्या व्हरांड्यात लावला. सगळ्यांनी वाहवा केली. आठवड्याभराने एक मुलगी त्याच्यासमोर उभी दिसली. वर्गात नाव पुकारलं तरी जेमतेम "हाजिर" म्हणणारी. मला म्हणाली, "सर, ये गा रहा है के लड़ रहा है?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडून निघेना. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटलं होतं आणि तो दुसरा नर मीच होतो. खाली 'गाता हुआ दयाळ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ते खोटं होतं.

सलीम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांपाशी तासन्‌तास बसून होते. नर घरटं अर्धं विणतो, मादीने पसंत केलं तर पुरं करतो आणि मग दुसरं विणायला घेतो, हे त्यांना त्या बसण्यातून कळलं. आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, त्यांचं ते बसणं मात्र विसरतो. 'सब्र' हा शब्द मी शंभर वेळा फळ्यावर लिहिला असेल. समोरच्याला त्याच्या वेळेने येऊ देणं हाही सब्रच, हे मला त्या मुलीच्या प्रश्नाने शिकवलं.

फोटो मी काढून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात एकाच जागी, एकाच दगडावर रोज पाऊण तास बसलो. एकोणिसाव्या दिवशी दयाळ ठरलेल्या तारेवर आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गायला लागला. मी आधी ऐकलं, मग एकदाच शटर दाबलं. शेपटीचं टोक पानाआड गेलं आहे, पार्श्वभूमीला विजेचा खांब आहे. आज व्हरांड्यात तोच फोटो आहे.

वर्गातही थोडं बदललं. प्रश्न विचारून मी लगेच "बोल ना, बोल ना" करत नाही. खिडकीकडे पाहत उभा राहतो. कधी कधी मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो. तेव्हा मी वळूनही पाहत नाही.