त्या पातेल्यात रोप लावू नकोस

वाई

चि. सौ. मनूस,

काल रात्री तुझा निरोप वाचला, पातेल्याचा फोटो पाहिला आणि झोप उडाली. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि तू "हो आत्या, हो आत्या" करत ऐकून घेतलं असतंस. म्हणून सकाळी आंघोळ उरकून लिहायलाच बसले. आधी चिमणीचं सांग. "तिने दोन घास खाल्ले आणि तोंड वाकडं केलं," असं लिहिलं आहेस. पुढे काय? उलटी झाली? मळमळलं? कढीच्या रंगाचं एवढं वर्णन केलंस, आणि पोरीच्या पोटाबद्दल एक अक्षर नाही! दोन घासांनी बहुधा काही व्हायचं नाही, असं मी रात्रभर मनाला सांगत होते. पण ती जरा जरी तक्रार करायला लागली तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडे ने आणि पितळेच्या भांड्यातली कढी खाल्ली हे त्यांना स्पष्ट सांग.

आता तुझा प्रश्न. कढी कळकली, दुसरं काही नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकातलं आम्ल तांब्याला खातं, त्याचे क्षार कढीत उतरतात. तोच तो हिरवट रंग आणि तीच ती जीभ ओढणारी चव. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काहीही उघड्या पितळेत किंवा तांब्यात ठेवायचं नाही, मग शिजवणं तर दूरच. तांब्याच्या कळशीत साधं पाणी चालतं, लिंबाचं सरबत चालत नाही. मग आपल्याकडे याच पातेल्यात चिंचगुळाची आमटी रोज कशी व्हायची? कल्हईमुळे. आतून कथलाचा पातळ थर असायचा. आमटी लागायची ती कथलाला, पितळेपर्यंत पोचायचीच नाही. तुझ्या फोटोत आतली बाजू पिवळीधमक दिसते आहे, म्हणजे कल्हई पार गेली आहे. पातेल्यात खोट काही नाही.

आणि मनू, त्यात कढी करावीशी तुला वाटली, याने मी किती हरखले म्हणून सांगू! घर आवरलं तेव्हा वाटण्या झाल्या, त्या वेळी तू दुसरं काही न मागता हे पातेलं उचललंस, वहिनी काय बोलली ते मी ऐकलं होतं, आणि मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की पोरीला कळतं. मग त्याच निरोपात ते पुढचं वाक्य कसं लिहिलंस? "नाहीतरी वापरायला निरुपयोगीच, इंटिरियरवाली म्हणते लॅकर मारून कोपऱ्यात ठेवू, मनी प्लांट छान दिसेल." निरुपयोगी! ज्या भांड्याने नानांच्या मुंजीचा भात शिजवला, ज्याच्या काठावर आजीचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे, त्यात माती भरायची? आणि एकदा लॅकर मारला की ते भांडं स्वयंपाकाला मेलं, हे त्या बाईंना ठाऊक असायला हवं. लॅकर पोटात जाण्यासाठी नसतो.

तू कल्हईवाला पाहिलेला नाहीस, ती माझी हळहळ. दिवाळीच्या आधी तो वाड्याच्या चौकात येऊन बसायचा. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. भाता ओढायचं काम आम्हा पोरांकडे असायचं आणि त्यावरून दादाची आणि माझी भांडणं व्हायची. भांडं आधी लखलखीत घासायचं, मग निखाऱ्यावर तापवायचं. तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि नाकाला झोंबायचा. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, तेव्हाच कथील पितळेला धरतं. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखं व्हायचं आणि तो कापसाच्या बोळ्याने ते एका झटक्यात सगळीकडे फिरवायचा. पिवळ्या भांड्यात चांदण्यासारखा पांढरा उजेड पसरायचा. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. पुढे शाळेत सातवीला धातू शिकवताना मी मुलांना हेच सांगायचे. पुस्तकातल्यापेक्षा ते त्यांना लवकर समजायचं.

ही कल्हई झिजणारच. रोजच्या वापरात काही महिन्यांत ती जाते, पुन्हा लावावी लागते. तू म्हणशील, मग ती कटकट कशाला? माझं सगळं म्हणणं इथेच आहे. आपल्या घरातली वस्तू एकदा करून संपत नसे, ती पुन्हा पुन्हा केली जायची. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी यायची. गादी दबली की पिंजारी यायचा आणि कापूस पुन्हा फुलवायचा. जात्यालाही टाकी, खुर्चीला नवी वेताची वीण, विळीला धार. एकेक वस्तू एकेका माणसाला घरी बोलवायची. आई त्यांच्याशी भाव करायची, कुरकुरायची, आणि मग चहा द्यायची. पिंजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला साडी पाठवल्याचं मला चांगलं आठवतं. वस्तू शोभेला ठेवली की ही ये-जा बंद. नुसतं पुसायचं, बघायचं. आणि ज्याच्या हातात ती विद्या आहे त्याला काम उरत नाही, त्याचा मुलगा दुसरीकडे नोकरी धरतो, आणि मग आपण म्हणतो, पूर्वीची कारागिरी राहिली नाही! ती आपल्याच स्वयंपाकघरातून गेली, मनू. भांडी हरवली नाहीत, त्यांना दुरुस्त करणारे हात हरवले.

स्टीलला मी नावं ठेवत नाही. राखेने आणि चिंचेने ढीगभर पितळ घासून आईच्या बोटांना भेगा पडायच्या, त्या मी पाहिल्या आहेत. स्टील आलं तेव्हा तिने मोड देऊन हौसेने डबे घेतले, जरीच्या साड्या बोहारणीला देऊन ताटं घेतली, आणि तिला सुख लागलं. तिच्याकडून ते सुख कोण हिरावून घेईल? पण तुझ्याकडे ढीग नाही, एकच पातेलं आहे. एक सांभाळणं अवघड नाही.

तुला शोभाच हवी असेल तर एका रविवारी चिमणीला घेऊन बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' कवींनी, हयातभर फिरून अडकित्ते, दिवे, भांडी, असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रह उभा केला आणि पुढे तो सरकारच्या स्वाधीन केला. थोर काम. तिथल्या अडकित्त्यांपुढे मी प्रत्येक वेळी खिळून उभी राहते. पण त्या वस्तूंना घर उरलं नव्हतं म्हणून त्या काचेआड गेल्या. तुझ्या पातेल्याला घर आहे, चूल आहे, आणि कढी आवडणारी मुलगी आहे.

तिथूनच पुढे कसब्यातल्या तांबट आळीत जा. जावईबापू मागे बंबावरच्या खाचा बघून "डिझाइन सुंदर आहे" म्हणाले होते, त्यांनाही ने. त्याला मठारणं म्हणतात. हातोडीचे ठोके ओळीने, एकाला एक लागून, नुसत्या नजरेच्या अंदाजाने घातलेले असतात. ते दिसायला छान असतात हे खरं, पण ठोकून ठोकून मऊ तांबं कठीण होतं, पातळ पत्र्याला ताकद येते. पाण्याने भरलेला बंब उगाच नाही पिढ्यान्‌पिढ्या टिकत. कल्हई कोण करतं ते तिथेच विचार, कुणी ना कुणी सांगेल.

कल्हई करताना समोर उभी राहा. शुद्ध कथील हवं, असं दोनदा सांग. स्वस्तात पडावं म्हणून कथलात शिसं मिसळणारे असतात आणि शिसं लहान मुलांना फार वाईट. त्यापेक्षा पातेलं तसंच पडून राहिलेलं बरं. पैसे जास्त गेले तर मी देईन, पण यात काटकसर करू नकोस. घरी आणल्यावर रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं नाही, कल्हई वितळेल. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओत. तारेच्या घासणीने घासू नकोस.

आणि हो, आजीची गोधडी मशीनमध्ये घातलीस असं वहिनी म्हणाली. ते खरं नसू दे! तिच्यात आजीची दोन जुनी लुगडी आहेत, कडेकडेने आत जाणारा धावदोरा आहे, तो मशीनच्या पिळ्यात तुटतो. टपात भिजव, हाताने दाब, सावलीत वाळव. वरचं कापड विरलं असेल तर टाकू नकोस; त्याच्यावरच नवं कापड घालून पुन्हा दोरे घालायचे असतात. दिवाळीत आलीस की आपण दोघी बसू. माझी नजर आता सुईत दोरा ओवण्यापुरती राहिलेली नाही, तो तू ओवून दे, टाके मी घालीन.

कल्हई होईपर्यंत पातेल्यात काही शिजवू नकोस आणि रोपही लावू नकोस. चिमणीची खुशाली आज संध्याकाळीच फोन करून सांग. आणि तांबट आळीत कल्हईवाला भेटला तर त्याचा नंबर लिहून घे, तो वाईला येतो का ते विचार. इकडे आता कुणीच येत नाही आणि माझी दोन पातेली व मोठा सट तसाच पडून आहे. जाण्यायेण्याचं भाडं मी देईन, म्हणावं.

तुझी,
आत्या