फळ्यावरची रेघ

बावीस वर्षं मी वर्गात एकच गोष्ट ठासून सांगत आलो: बखर ऐकीव, पत्र अस्सल. फळ्यावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे विश्वसनीय साधनं, उजवीकडे अविश्वसनीय. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून समकालीन पत्रांचं मोल दाखवून दिलं, तोच माझा आधार. ती रेघ मी आता ओढत नाही.

एका विद्यार्थिनीने आजोबांच्या पेटीतला महजर वर्गात आणला. मोडी कागद, घडीवर फाटलेला, खाली पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी. पाटीलकीचं वडीलपण तिच्या घराण्याचं, असा गोताचा निवाडा. मी हरखून गेलो. कागद, शाई, अक्षराचं वळण, सगळं त्या काळचं. मुलांना म्हटलं, बघा, अस्सल साधन असं असतं. ती हळूच म्हणाली, “सर, भाऊबंदांकडेही असाच महजर आहे. त्यात वडीलपण त्यांचं आहे.”

वतनाच्या भांडणात बनावट कागद उभे राहत, हे मला ठाऊक होतं. तरी जुना कागद हातात आला की मी शंका घ्यायचंच विसरत होतो. मग दोन्ही महजर शेजारी ठेवून वाचले. वडीलपण कोणाचं, ते आजही सांगता येत नाही. पण निवाड्याला गावातले कोण बसले, कोणाच्या शब्दाला वजन होतं, मानपानात बाकीच्यांचा क्रम काय, हे दोन्हींत सारखंच निघालं. खोटं पचायला हवं तर बाकीचा तपशील खराच लिहावा लागतो!

मग सभासदाची बखर पुन्हा उघडली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा खर्च १ कोटी ४२ लाख होन, या आकड्यावर माझा आजही विश्वास नाही. पण ती बखर १६९७च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. वडील गेले तेव्हा महाराज दहा वर्षांचे होते, आणि आता मोगलांचा वेढा पडलेला. अशा मुलासाठी लिहिताना सभासद गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत कसे नेमायचे हे सांगत बसतो. ही पानं मी इतकी वर्षं उलटून पुढे जात होतो, याचं वाईट वाटतं.

माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज शाळांत शिकवतात. परवा त्यांतल्या एकाच्या वर्गात गेलो, तर फळ्यावर तीच रेघ होती. तास संपल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि त्या दोन महजरांपासून सांगायला सुरुवात केली.