टायटन्सचा एका संध्याकाळचा भक्त

३० जानेवारी २००० च्या संध्याकाळी, अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, मी टेनेसी टायटन्ससाठी घसा फोडून ओरडत होतो. टेनेसीशी माझा काडीचा संबंध नव्हता. फक्त समोरचा रॅम्स संघ, म्हणजे त्याची मालकीण जॉर्जिया फ्रॉन्टिएर, हरायला हवी होती.

शेवटचा डाव. केविन डायसनने चेंडू झेलला, माइक जोन्सने त्याचे पाय कवटाळले, आणि पडता पडता लांबवलेला डायसनचा हात गोलरेषेच्या यार्डभर अलीकडे टेकला. रॅम्स २३, टायटन्स १६. चषक हातात घेऊन बाई म्हणाल्या, सेंट लुईसला गेलो ते बरोबरच केलं. मी टीव्ही बंद केला.

मी १९८४ मध्ये नोकरीसाठी अनाहाइमला आलो. चेंडू हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात हे उमगायच्या आत रॅम्सचा झालो. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या टेबलावर खेळाचे नियम आणि मालकिणीला घालायच्या शिव्या एकदमच शिकलो. बाई मूळची गायिका. संघाचा आधीचा मालक रोझेनब्लूम तिचा सहावा नवरा. १९७९ च्या एप्रिलमध्ये तो फ्लोरिडात पोहताना बुडाला, संघाचा ७० टक्के हिस्सा हिच्याकडे आला, आणि काही महिन्यांत हिने सावत्र मुलाला कारभारातून काढलं. पुढे सातवं लग्न. ‘अजून चार केली की नवऱ्यांचाच संघ उतरेल,’ हा विनोद माझा. टेबलावर फार चालला. सातव्या नवऱ्याला, डॉमिनिकला, सुपर बोलच्या तिकिटांच्या काळ्या बाजारातून आलेल्या पैशाच्या प्रकरणात १९८६ मध्ये शिक्षा झाली. तिच्यावर आरोपसुद्धा ठेवला गेला नव्हता. आम्ही टेबलावर तिलाच दोषी ठरवून मोकळे झालो होतो.

१९९५ मध्ये तिने संघ सेंट लुईसला नेला. रॅम्सची निळी-पिवळी, शिंगांचं चित्र असलेली टोपी मी गॅरेजमध्ये फेकली.

मग जानेवारी २०१६. नवे मालक स्टॅन क्रोएंके रॅम्सना परत लॉस एंजेलिसला आणणार हे ठरलं आणि मी टोपी शोधून झटकली. त्याच रात्री सेंट लुईसमधल्या माझ्या कॉलेजच्या मित्राचा फोन. ‘पळवला रे आमचा संघ!’ मी शांतपणे म्हणालो, ‘अरे, मालक आहे तो. धंदा आहे त्याचा.’

तिकडून तो काहीच बोलला नाही. माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

त्या रात्री झोप नाही. संघ हलवणारे बाकीचे मालक एकेक करून आठवत गेले. अल डेव्हिसने १९८२ मध्ये ओकलंडचे रेडर्स लॉस एंजेलिसला आणले. त्यांचे सामने मी टाळ्या वाजवत पाहिले. अर्सेने १९८४ मध्ये रातोरात ट्रकमध्ये सामान भरून बाल्टिमोरचे कोल्ट्स हलवले. त्याला आम्ही इरसाल म्हणायचो, तेही हसत. आणि ज्या टायटन्ससाठी मी घसा फोडला, ते तर ह्यूस्टनचे ऑयलर्स! मालक बड ॲडम्सने १९९७ मध्येच गाव बदललेलं. शहर सोडणाऱ्या बाईला शिक्षा व्हावी म्हणून मी शहर सोडणाऱ्या बुवाचा जयजयकार करत होतो. लॉस एंजेलिस सोडून अनाहाइमला यायचं तर १९७८ मध्ये खुद्द रोझेनब्लूमनेच ठरवलं होतं. त्याचंही खापर आम्ही तिच्यावर फोडलं, आणि गंमत म्हणजे त्या निर्णयामुळेच संघ माझ्या घराजवळ आला होता. सेंट लुईस हे तिचं जन्मगाव, हेसुद्धा मी तेव्हा कुठे वाचलं. माहेरी नेला म्हणायचा संघ.

आता ती मला थोर वाटू लागली आहे, असं नाही. एका मोसमात २१०५ यार्ड धावलेला एरिक डिकरसन १९८७ मध्ये मानधनाच्या वादात गेला, आणि १९९० ते ९४ सलग पाच मोसम आम्ही विजयांपेक्षा पराभवच जास्त पाहिले. ती तक्रार माझी अजून आहे. पण तेवढीच असती, तर नवरे कशाला मोजले असते? डेव्हिसचा संसार कसा होता, हे मला आजही माहीत नाही. २००८ च्या जानेवारीत स्तनांच्या कर्करोगाने ती ऐंशीव्या वर्षी गेली, ती बातमी वाचून मी पान उलटलं होतं.

टेबलावरच्या एका जुन्या सहकाऱ्याला परवा हे सगळं फोनवर सांगितलं. तो हसला. ‘ते सोड,’ म्हणाला, ‘तुझा तो अकरा नवऱ्यांचा विनोद मी अजून सांगतो.’