आडवे शब्द, उभे शब्द

मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही आणि ‘ण’नेही नाही. शाळेत हे शिकून आपण पुढे जातो. पण ज्यानं कधी कागदावर चौकटी आखून शब्दकोडं रचायला घेतलं असेल, त्याला ही दोन अक्षरं घाम फोडतात. ‘कमळ’ आडवं लिहिलं की शेवटच्या घरातून खाली शब्द सुरूच करता येत नाही. मग रचणारा कमळ खोडतो आणि ‘नलिन’ लिहितो. ‘न’ला खाली ‘नभ’ मिळतं, ‘नथ’ मिळते, ‘नगर’ मिळतं. हे मला फार उशिरा कळलं, कारण त्याआधीची सगळी वर्षं मी फक्त सोडवणारी होते.

माझं माहेर शिरूरचं. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही घोडनदीच. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे पुण्याचा पेपर नगर रस्त्यानं यायचा. आमचे अण्णा आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. बाजारभाव वाचून झाले की ते पेपरची घडी कोड्यावर आणायचे आणि पेन्सिल काढायचे. पेन कधीच नाही. ‘उत्तर चुकलं तर खोडता आलं पाहिजे’ हा त्यांचा नियम आमच्या घरात वह्यांनाही लागू होता. आपलं ज्ञान संपलं की ते आल्यागेल्याला विचारायचे. ‘नांगराची मूठ, तीन अक्षरं?’ पोतं उतरवणारा हमाल किंवा पट्टी घ्यायला आलेला शेतकरी मागे न बघता म्हणायचा, ‘रुमणं.’ शाळा न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून अचूक शब्द यायचा आणि अण्णा तो मान तुकवून लिहायचे. शब्दकोड्यातला हा आनंद मला पहिल्यांदा त्या दुकानात मिळाला. आपल्याला न येणारा शब्द शेजारच्या येणाऱ्या शब्दांच्या आधारानं हळूहळू दिसू लागतो. आधी मधलं अक्षर, मग शेवटचं, आणि एकदम उजेड.

बक्षिसाचं कोडं मात्र अण्णांनी घरात येऊ दिलं नाही. त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी तरुणपणी अशा कोड्यांच्या प्रवेश फीत बरेच पैसे घालवले होते. ते वेड तेव्हा मोठंच होतं. बंगळुरूच्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधली ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ मुंबई राज्यातही खेळली जायची. वरून ती शब्दज्ञानाची परीक्षा वाटे, पण एका सूचनेला दोन-दोन शब्द बसत आणि बक्षीस मिळे ते आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळलं तरच. मुंबई सरकारनं 1948 च्या कायद्यानं या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला, 1955 साली केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा झाला आणि 1957 साली सर्वोच्च न्यायालयानं हे निर्बंध उचलून धरले. जिथं कौशल्यावर यश ठरत नाही तो जुगार, असा तो निवाडा. मला तो आजही पटतो. कोड्याचं उत्तर पटलं पाहिजे. दोन शब्द सारखेच बसत असतील तर दोष सोडवणाऱ्याचा नसतो.

लग्नानंतर दौंडला आले. सासर रेल्वेवाल्यांचं. फलाट, रूळ, सांधा, गँगमन हे शब्द जेवणाच्या ताटावरून फिरणारे. मला केडगावच्या बाजूला शाळा मिळाली आणि पॅसेंजरचा बायकांचा डबा हे माझं दुसरं घर झालं. पेपर एकीचा, पेन्सिल दुसरीची, उत्तरं सगळ्या डब्याची. पाटस, कडेठाण, केडगाव. मी उतरायच्या आत निम्मं कोडं व्हायचं, उरलेलं पुण्याला जाणाऱ्या मैत्रिणी पुरं करायच्या. पेपरातलं कोडं लवकर संपलं की आम्ही स्टेशनांवर सूचना रचायचो. दुधातून निघतं, पुण्याच्या वाटेवर लागतं: लोणी. उंदरांना नकोसं स्टेशन: मांजरी. विदर्भातल्या जिल्ह्याची माळ तोडली: यवत. माझ्या माहेरावरही रचल्या होत्या. डोक्याला छाती जोडली की तालुका: शिरूर. काना हरवलेला प्राणी पाण्याजवळ: घोडनदी. अशी सूचना सुटते तेव्हा डब्यात जो हशा पिकतो, तो ‘हत्ती = गज’ लिहून कधी पिकला नाही.

आणि इथंच माझी तक्रार सुरू होते. आपल्याकडच्या रोजच्या कोड्यात सूचना बहुतेक समानार्थी शब्दाचीच. पाणी म्हणजे जल, नीर, तोय. पृथ्वी म्हणजे धरा, मही, अवनी. सोनं म्हणजे हेम किंवा कनक. काही महिन्यांत हे शब्द पाठ होतात आणि मग हात भरतो, डोकं बसून राहतं. त्याहून जास्त राग येतो वेलांटीच्या बाबतीत. एका पेपरात आडवा शब्द होता सूर्यासाठी ‘रवी’, आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली येत होतं ‘विमान’. एका घरात दीर्घ वी आणि ऱ्हस्व वि एकाच वेळी कशी राहणार? 1962 च्या लेखननियमांनुसार मराठीत अखेरचा इकार दीर्घच लिहायचा. मी वर्गात मुलांचे याच वेलांटीचे गुण कापत होते आणि छापील कोडं मला सांगत होतं की चालतं. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि काही दिवस घरी पेपर येणं थांबलं. सासूबाईंना तोवर माझ्याबरोबर कोड्याची सवय लागलेली. चौथी शिकलेल्या, पण शब्दांचं भांडार असं की मी चकित व्हायचे. त्या म्हणाल्या, ‘पेपर नाही तर तू कर की एक.’ मी वहीत चौकट आखली, आणि ज्यांच्यावर इतकी वर्षं रागावले होते त्या अनाम माणसांचं काम पहिल्यांदा समजलं.

1913 च्या 21 डिसेंबरला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं, हिऱ्याच्या आकाराचं. त्यांच्या हाताशी सव्वीस अक्षरं होती. घर एक, अक्षर एक. आपल्या घरात काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत मावतं, पण त्यातल्या ‘त्र्य’ला आडवा जाणारा दुसरा शब्द शोधून पाहा. ‘क’ आणि ‘का’ जुळत नाहीत, ‘कि’ आणि ‘की’ जुळत नाहीत. म्हणून काळी घरं वाढतात, शब्द आखूड होतात आणि रचणारा पुन्हा पुन्हा ‘जल’, ‘नग’, ‘रव’कडे वळतो. ते मऊ शब्द आहेत, कुठंही वाकतात. त्याचा नाइलाज मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबणं मान्य नाही.

कारण सासूबाईंच्या शब्दांनी माझी चौकट सुटली. पेरताना ज्यातून बी सोडतात ते ‘चाडे’. त्याच्या ‘डे’मधून खाली ‘डेरा’ उतरला. जुवाच्या टोकाची खुंटी ‘शिवळ’ उजव्या खालच्या कोपऱ्यात नेली, ‘ळ’ शांत बसला. ‘येसण’चंही तेच. कोपरा म्हणजे अडचण वाटत होती, ती या शब्दांची हक्काची जागा निघाली.

शाळा उघडल्यावर मी फळ्यावर कोडी घालू लागले आणि मुलांना घरून शब्द आणायला सांगितलं. हंगामात आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची काही मुलं वर्गात बसतात, बहुतेक वेळा मागे आणि गप्प. त्यातल्या एका मुलीनं सूचना दिली: अवजारालाही म्हणतात आणि नवरा-बायकोच्या जोडीलाही. वर्गात कुणालाच येईना. ‘कोयता,’ ती म्हणाली. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, हे बागायतदारांच्या मुलांनी त्या दिवशी तिच्याकडून ऐकलं. मग ‘वाढं’ आलं, ‘कोप’ आली, ‘मोळी’ आली. अमरकोशात कितीही शोधलं तरी अशी सूचना सापडायची नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत निघाला, त्यात असे बोलीतले शब्द मानानं नोंदलेले आहेत. तिथं चालतात, मग कोड्यात का नकोत?

मी ज्या केडगावला रोज उतरत होते, तिथंच पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. संस्कृतच्या पांडित्यासाठी कलकत्त्यात सन्मान मिळालेली ही बाई. तिला जड शब्दांची वाण नव्हती. तरी साध्या बायकांना कळावी अशी मराठी तिनं निवडली, आणि मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवून तो मजकूर छापला. रमाबाई 1922 साली गेल्या. पूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झालं. शब्द निवडताना तो कुणाच्या तोंडी आहे हे बघायचं, हा धडा आमच्याच तालुक्यात गिरवला गेला आहे.

म्हणून दैनिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. कोडं रचणाऱ्याचं नाव कोड्याखाली छापा, त्याला नीट मानधन द्या आणि वेलांटी तपासायला एक माणूस ठेवा. रोजच्या चौकटीत एक तरी शब्द शेतातला, रुळावरचा, बाजारातला असू द्या. आणि वाचकांनो, तुमच्या घरात असा शब्द असेल तर त्याची सूचना तयार करून तुमच्या पेपरला पाठवा.